‘कमाल’ म्हणजे नेमकं किती? : एका तक्त्याचा इतिहास



आपल्या बॅचमधले कुणी डॉक्टर झाले, कुणी बँकेत गेले, कुणी शिक्षक झाले. माझी उमेद मात्र महापे-रबाळेच्या पट्ट्यात, हातात सोल्डरिंगची इस्त्री आणि समोर मल्टिमीटर, अशीच गेली. आधी सर्किट बोर्ड दुरुस्त केले, मग ते तपासून पास-नापास करण्याचं काम केलं. म्हणून स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला तेव्हा मी संपादक मंडळाला सांगून टाकलं की सहलीच्या आणि स्नेहसंमेलनाच्या आठवणी इतर जण माझ्यापेक्षा चांगल्या लिहितील. मी एका तक्त्याचा इतिहास लिहितो. हा तक्ता बहुतेकांनी पाहिलेला नाही, पण त्याच्यावर तुमच्या घरातलं वॉशिंग मशीन, इमारतीची लिफ्ट आणि जिन्याखालचं विजेचं मीटर चालतं.

या सगळ्या यंत्रांत मायक्रोकंट्रोलर नावाची चिप असते. नखाएवढी किंवा बोटाएवढी, पण आत छोटा संगणकच. ती बनवणारी कंपनी तिच्यासोबत एक माहितीपत्र देते, त्याला आम्ही डेटाशीट म्हणतो. आजची डेटाशीट तीनशे-चारशे पानांची असते. त्यात शेवटाकडे दोन तक्ते असतात. एकाचं नाव ‘अ‍ॅब्सोल्यूट मॅक्सिमम रेटिंग्ज’, म्हणजे ज्याच्या पलीकडे गेलात तर चिप कायमची निकामी होऊ शकते ती हद्द. दुसऱ्यात चिप ज्या मर्यादांत नीट काम करेल अशी हमी कंपनी देते, त्या कार्यमर्यादा असतात. दिसायला दोन्ही सारखेच, आकड्यांच्या ओळी. पण पहिल्यातला आकडा म्हणजे कड्याची धार आणि दुसऱ्यातला म्हणजे चालायची वाट. आमच्या धंद्यातले निम्मे घोटाळे या दोघांची गल्लत केल्याने होतात. ही गल्लत का होते, हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

ज्यांच्या घरी आजोबांचा व्हॉल्व्हचा रेडिओ होता त्यांना तो गरम झाल्याशिवाय बोलत नसे हे आठवत असेल. हा तक्ता त्या व्हॉल्व्हच्या काळात जन्मला. व्हॉल्व्ह बनवणारा एक, रेडिओ बनवणारा दुसरा आणि रेडिओ लावणारा तिसरा. घरातली वीज कधी कमी, कधी जास्त. मग व्हॉल्व्ह लवकर जळला तर दोष कुणाचा? १९३० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या रेडिओ उत्पादकांनी एक पद्धत रूढ केली. व्हॉल्व्ह बनवणाऱ्याने आकडा देतानाच विजेच्या नेहमीच्या चढउतारांसाठी जागा सोडून ठेवायची. रेडिओवाल्याने तो आकडा सरासरी विजेला पाळला की झालं. पुढे १९५० च्या दशकात मधली एक पद्धत आली, तिच्यात जबाबदारी दोघांत वाटलेली होती. आणि तिसरी, सगळ्यांत कडक पद्धत होती ती ‘अ‍ॅब्सोल्यूट मॅक्सिमम’. इथे व्हॉल्व्ह बनवणारा एवढंच सांगतो की हा आकडा कधीही, कोणत्याही परिस्थितीत ओलांडू नका. वीज वाढली, जोडलेला भाग थोडा वेगळा निघाला, ऊन तापलं, हे सगळं गृहीत धरून मागे राहण्याची जबाबदारी पूर्णपणे यंत्र बनवणाऱ्याची. आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाने, म्हणजे आयईसीने, १९६१ साली प्रकाशन क्रमांक १३४ मध्ये या तिन्ही पद्धतींच्या व्याख्या करून ठेवल्या आणि त्या अर्धवाहकांनाही लागू केल्या.

चिपच्या जगात टिकली ती तिसरी पद्धत. म्हणजे आजच्या डेटाशीटमधला ‘कमाल’ हा शब्द वाचायचा तो असा : इथून पुढे कंपनीची जबाबदारी संपली, आणि इथवर येऊ न देण्याची तुमची सुरू झाली. वाचणाऱ्याला मात्र तो परवाना वाटतो. रस्त्यावर ‘कमाल वेग ८०’ लिहिलेलं असतं तेव्हा आपण ८० ने जातोच ना, तसं.

जुन्या जाणत्यांना हे पक्कं ठाऊक होतं. अमेरिकेतल्या एनिॲक संगणकात सुमारे अठरा हजार व्हॉल्व्ह होते. इतके व्हॉल्व्ह एकत्र म्हटल्यावर रोज कुठला ना कुठला जळणार आणि यंत्र कधी चालणारच नाही, असं अनेकांना वाटत होतं. त्याचे मुख्य अभियंता प्रेस्पर एकर्ट यांनी प्रत्येक भाग त्याच्या नेमून दिलेल्या मर्यादेच्या बराच खाली चालवायचा असा नियम घातला, आणि ते यंत्र चाललं. याला डीरेटिंग म्हणतात. आपल्याकडे कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टिफ्रॅक हा संगणक १९६० साली सुरू झाला. त्यातही सुमारे २७०० व्हॉल्व्ह होते. म्हणजे ‘किती ताण द्यायचा’ हा प्रश्न मुंबईकरांना चिप येण्याआधीच पडलेला होता. खाडीपलीकडच्या तुर्भ्यात, ज्याला इंग्रजीत ट्रॉम्बे म्हणतात त्या अणुकेंद्रात, अणुभट्टीची उपकरणं बनवणारा इलेक्ट्रॉनिक्स गट होता. त्यातूनच १९६७ साली हैदराबादची ईसीआयएल उभी राहिली. नवी मुंबईतलं तुर्भे वेगळं, पण खाडीच्या दोन्ही काठांवर एकाच नावाची गावं असावीत आणि दोन्हीकडे सर्किटं बनावीत, याची मला नेहमी गंमत वाटते.

व्हॉल्व्ह गेले, ट्रान्झिस्टर आले, मग चिपा आल्या. १९६० च्या दशकाच्या मध्यात टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने ७४०० मालिकेच्या चिपा काढल्या. त्यांना ५ व्होल्ट लागत, आणि तेही ४.७५ ते ५.२५ एवढ्याच पट्ट्यात. त्याच मालिकेचं लष्करी भावंड होतं ५४००. नागरी चिप ० ते ७० अंश सेल्सिअसला चालायची, लष्करी उणे ५५ ते १२५ अंशांना. पुढे कारखान्यांसाठी उणे ४० ते ८५ अशी औद्योगिक श्रेणी रुळली. आजही चिपच्या नावातलं शेवटचं एखादं अक्षर ती कुठल्या श्रेणीची आहे ते सांगतं, आणि खरेदी करणारा नेमका त्या अक्षराकडे दुर्लक्ष करतो.

आता आपल्या गावाकडे येऊ. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली आणि ठाणे-बेलापूर रस्त्याला कारखाने उभे राहू लागले. १७ मार्च १९७० रोजी सिडको झाली, १९७३ मध्ये वाशीचा खाडीपूल आला आणि ९ मे १९९२ ला मानखुर्दहून वाशीला लोकल धावली. आपल्यापैकी बऱ्याच जणांचे आईवडील या तीन घटनांपैकी कुठल्यातरी एकीमुळे इथे राहायला आले. मायक्रोकंट्रोलरचा प्रवासही साधारण याच वर्षांतला. इंटेलची ८०५१ ही चिप १९८० ची. तिच्या जातीच्या ज्या चिपांत प्रोग्रॅम पुसता येई, त्यांना वर काचेची खिडकी असे. ती अतिनील दिव्याखाली पंधरा-वीस मिनिटं ठेवावी लागे. १९९३ मध्ये ॲटमेलने त्याच घराण्यातली फ्लॅश मेमरीची एटी८९सी५१ काढली आणि प्रोग्रॅम विजेनेच पुसता येऊ लागला. मग पट्ट्यातल्या लहान गाळ्यांतही मायक्रोकंट्रोलर शिरला. टाइमर, वजनकाटे, स्टॅबिलायझर, पाण्याच्या टाकीचे कंट्रोलर, सगळ्यांत ही चाळीस पायांची चिप दिसू लागली.

चिपा यायच्या ग्रँट रोडच्या लॅमिंग्टन रोडवरून. डेटाबुक मात्र जाडजूड आणि महाग. एखाद्याकडे एक प्रत असायची आणि तिच्या झेरॉक्सच्या झेरॉक्स फिरायच्या. पानामागे पैसे पडत, म्हणून लोक हवी तेवढीच पानं काढून घेत : पिनांची आकृती, आज्ञांची यादी, फार तर टाइमरचं प्रकरण. मर्यादांचे तक्ते शेवटी असल्याने ते हमखास मागे राहत. माझ्या पाहण्यात अशी कितीतरी टेबलं होती जिथे पिनांची आकृती भिंतीवर चिकटवलेली होती आणि ती चिप किती सोसेल हे कुणालाच माहीत नव्हतं. जो आकडा तोंडी फिरत फिरत पोहोचायचा तो बहुधा सगळ्यांत मोठा असायचा, म्हणजे ‘कमाल’चा.

एका गाळ्यातली हकिकत सांगतो. नाव सांगत नाही, आणि तो गाळा आता नाहीही. तिथे सोसायट्यांसाठी पंपाचे कंट्रोलर बनत. खालची टाकी, वरची टाकी, पाणी संपलं की पंप चालू, भरलं की बंद. मे महिना आला की परत आलेल्या बोर्डांचा ढीग माझ्या टेबलावर. टेबलावर लावले की छान चालत. गच्चीवर नेले की चारसहा दिवसांनी पुन्हा तक्रार, आणि ती नेहमी पहाटेची. एका सोसायटीत तर दोन दिवस वरची टाकी कोरडी राहिली आणि सातव्या मजल्यावरच्या आजी-आजोबांसाठी पोरांनी जिन्यातून कळशा वाहिल्या. पंपाची लिफ्टशी गाठ नव्हती, पण त्याच आठवड्यात लिफ्टही बंद होती.

पैसे वाचवायला त्या बोर्डावर रेग्युलेटर घातलेला नव्हता. साध्या अ‍ॅडॅप्टरमधून थेट पुरवठा होता. दिवसा मी मोजला तर ५.९ व्होल्ट. शेठजींचं म्हणणं, “मॅक्सिमम ६.६ लिहिलंय ना? मग अजून जागा आहे.” आकडा खरा होता. पण तो पहिल्या तक्त्यातला होता. दुसऱ्या तक्त्यात त्याच चिपची हमी ५ व्होल्टला २० टक्के अधिक-उणे, म्हणजे ४ ते ६ व्होल्ट एवढीच होती. मी त्या सोसायटीच्या वॉचमनकाकांना मीटर देऊन ठेवला आणि रात्रीचे आकडे वहीत लिहायला सांगितले. काकांनी तीन रात्री नेमाने लिहिले. पहाटे चारच्या सुमाराला वस्तीतला भार कमी झाला की लाइनचा दाब वाढायचा आणि साध्या अ‍ॅडॅप्टरचा दाबही त्याच प्रमाणात वर जायचा. काकांच्या वहीत ६.५ लिहिलेलं होतं. म्हणजे चिप जळत नव्हती, पण जिथे ती नीट चालेल असं कुणीच म्हटलेलं नव्हतं अशा पट्ट्यात ती रोज पहाटे उभी होती. ती वही समोर ठेवल्यावर शेठजींनी दहा रुपयांच्या आतला रेग्युलेटर बोर्डावर घातला. पुढच्या मे महिन्यात माझं टेबल बऱ्यापैकी रिकामं होतं.

दोन तक्त्यांच्या मधल्या या पट्ट्यात काय होतं, याबद्दल डेटाशीट मुद्दाम गप्प असते. चिप चालेलही, चुकेलही, आज चालून वर्षभराने मरेलही. पहिल्या तक्त्याखाली बारीक अक्षरांत कंपनी साधारण हेच सांगते की हे आकडे फक्त ताण सोसण्याचे आहेत, या टोकाला चिप काम करेल असा अर्थ काढू नका, आणि फार काळ टोकावर ठेवाल तर तिचं आयुष्य घटेल. ही बारीक अक्षरं मोठ्या अक्षरांइतकीच मोलाची आहेत.

याच तक्त्यांत आणखी तीन खाचाखोचा आहेत.

पहिली, बेरजेची. एटी८९सी५१ च्या एका पायातून १० मिलिअँपिअर आत घ्यायची मुभा आहे. एका पोर्टला आठ पाय. मुलं हिशेब करतात, आठ दाहे ऐंशी. पण त्याच पानावर खाली लिहिलेलं असतं की पोर्ट १, २ आणि ३ यांना प्रत्येकी मिळून १५, पोर्ट ० ला २६ आणि सगळ्या चिपला मिळून ७१ मिलिअँपिअर. म्हणजे आठ दिवे एकदम लावायचे तर प्रत्येकाच्या वाट्याला दोनसुद्धा येत नाहीत. एकत्र कुटुंबात प्रत्येकाला दोन बादल्या पाणी मिळेल म्हणतात, पण टाकीच लहान असते, तसंच हे. म्हणून मध्ये ड्रायव्हरची वेगळी चिप घालायची.

दुसरी, सापेक्षतेची. आज शाळांतून आर्डुइनोच्या बोर्डावर जी एटीमेगा३२८पी दिसते, तिच्या पायावर किती व्होल्ट चालतील? तक्ता सांगतो : पुरवठ्यापेक्षा अर्धा व्होल्ट जास्त, तेवढंच. पुरवठा ५ असेल तर ५.५. पण पुरवठा बंद असेल तर? मग मर्यादा उरते अर्ध्या व्होल्टची. बोर्ड बंद आणि सेन्सर चालू ठेवला तर बाहेरची वीज पायातून आत शिरते, चिपच्या आतल्या संरक्षक डायोडमधून वाट काढते आणि बंद चिप अर्धवट जागी होते. ‘बंदच तर होतं, मग जळलं कसं?’ या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा इथे असतं.

तिसरी, उष्णतेची. तक्त्यातलं तापमान म्हणजे आकाशवाणी सांगते ते नव्हे, तर चिपच्या अवतीभवतीचं आणि पोटातलं. ७८०५ हा रेग्युलेटर १२ व्होल्टचे ५ करतो. त्यातून २०० मिलिअँपिअर गेले तर ७ गुणिले ०.२, म्हणजे १.४ वॅट उष्णता त्याच्यातच राहते. जाळी लावली नाही तर दर वॅटमागे तो आतून ५० ते ६५ अंशांनी तापतो. म्हणजे ७० ते ९१ अंशांची भर. उन्हातल्या लोखंडी डबीत हवा ५५ अंशांवर असेल तर पोटात १२५ ते १४६ अंश, आणि त्याची कार्यमर्यादा १२५. बाहेर ३५ अंश असताना आत हे घडतं. हे सगळं गुणाकार-बेरजेचं गणित आहे, सातवीतल्या मुलालाही येण्यासारखं.

मर्यादा नीट वाचल्या तर साधी चिप कुठवर जाते याचं उदाहरणही आपल्या शेजारचं आहे. पवईच्या आयआयटीतल्या विद्यार्थ्यांनी बनवलेला ‘प्रथम’ हा सुमारे दहा किलोचा उपग्रह २६ सप्टेंबर २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३५ ने अवकाशात गेला. त्याच्या मुख्य संगणकाचं काम एटीमेगा१२८ करत होती, म्हणजे आर्डुइनोवरच्या चिपच्याच घराण्यातली. डेटाशीटमधले उष्णतेचे आकडे हवेत मोजलेले असतात. अवकाशात वारा नाही, हवा नाही, उष्णता फक्त धातूतून वाहते नाहीतर प्रारणाने जाते. त्यामुळे तिथे नुसता आकडा उचलून चालत नाही. तो कुठल्या परिस्थितीत मोजलाय हेही वाचावं लागतं, आणि मग निर्वात कक्षात यंत्र तापवून-गारठवून तपासावं लागतं.

आता आजचं. २०१६ पासून अटल टिंकरिंग लॅब शाळाशाळांत येताहेत. सहावी ते बारावीच्या मुलांसाठी वीस लाखांपर्यंतचं अनुदान त्यात आहे. मुलांच्या हातात आपण कधी पाहिलंही नव्हतं असं साहित्य आहे. पण चिपा बदलल्या. आपल्या काळात सगळं ५ व्होल्टचं होतं. आता निम्मे सेन्सर आणि वायफायचे बोर्ड ३.३ व्होल्टचे, आणि निम्मे अजून ५ चे. तारा सारख्याच, रंग सारखेच. मूल ५ व्होल्टचा पाय ३.३ च्या पायाला जोडतं, लगेच काही होत नाही म्हणून ते बरोबर समजतं, आणि प्रदर्शनाच्या दिवशी प्रकल्प मान टाकतो. मूल म्हणतं, मला जमत नाही. मला खरी काळजी त्या वाक्याची आहे. चिप शंभर-दीडशे रुपयांत परत येते.

आपली बॅच मेळाव्यानिमित्त शाळेला काय द्यायचं यावर बरीच चर्चा झाली. किट आणि प्रोजेक्टर ठरलेच आहेत. माझी त्यात एक जोड आहे. प्रयोगशाळेत वापरात असलेल्या प्रत्येक चिपचे मर्यादांचे दोन तक्ते मराठीत मोठ्या अक्षरांत छापून भिंतीवर लावू : पहिला लाल चौकटीत, दुसरा हिरव्या. खाली बेरजेच्या मर्यादा आणि एक सोडवलेलं उदाहरण. छपाईचा खर्च मी करतो. आणि महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, शाळेची परवानगी असेल तर, दोन तास मी तिथे बसेन. येताना मुलांनी जळालेले बोर्ड टाकून न देता घेऊन यावेत. जळालेल्या बोर्डावरून कुठली ओळ ओलांडली गेली हे बहुतेक वेळा दाखवता येतं, आणि ते एकदा दिसलं की मूल पुढच्या वेळी आधी डेटाशीटचं शेवटचं प्रकरण उघडतं.